न पडलेली ट्रिप: जहाजाचं इंजिन आणि जिनिंगचा पंखा

शेठचा फोन आला तेव्हा मी वाळूजच्या शेडमध्ये एका नोझलची फवार बघत होतो. "साहेब, जनरेटर पळाला. सेफ्टी होती, पण पडलीच नाही. पंखा फुटला." पळाला म्हणजे इंजिनाचा वेग हाताबाहेर गेला, आणि सेफ्टी म्हणजे अशा वेळी डिझेल तोडून इंजिन थांबवणारी ट्रिप. माणसांना काही लागलं का, हे आधी विचारलं. लागलं नव्हतं. मग एवढंच सांगितलं, की मी येईपर्यंत कुणी काही पुसायचं नाही, डिझेलनं धुवायचं नाही, आणि इंजिन चालू करून 'बघायचं' तर अजिबात नाही. आपल्याकडं मशीन बिघडलं की मिस्त्री आधी ते लख्ख धुऊन काढतो, आणि निम्मं कारण त्या पाण्याबरोबर नालीत जातं.

जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारी गिरणी, परभणी जिल्ह्यात, मानवतच्या बाजूला. लोडशेडिंग ऐन भरात होतं तेव्हाची ही गोष्ट. हंगाम सुरू, गेटाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि वीज तासन् तास गायब. सरकी वेगळी करणारे चोवीस रेचे, गाठी बांधणारी एक प्रेस, कापूस ओढणारे पंखे, सगळा मिळून अडीचशे किलोवॅटच्या घरातला भार. नवा सेट घ्यायचा तर हंगामाची कमाई त्यातच गेली असती, म्हणून शेठनं अलंगचा रस्ता धरला. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या त्या किनाऱ्यावर १९८३ पासून जुनी जहाजं फोडतात, आणि तिथून निघालेली इंजिनं, पंप, दारं, पलंग, कपबशासुद्धा देशभर जातात. जहाजावर वीज बनवणारं सहा सिलिंडरचं एक जपानी इंजिन, त्याला जोडलेल्या, वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरसकट, तिथून ट्रेलरवर चढून मराठवाड्यात आलं. "हत्ती आहे, मेला तरी सव्वा लाखाचा," असं विकणारा म्हणाला होता म्हणे. इंजिन खरंच चांगलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी पोचलो तेव्हा जो तो त्या इंजिनालाच शिव्या घालत होता.

इंजिनाच्या पाटीवर ७२० फेरे होते, अल्टरनेटरच्या पाटीवर ५०० किलोवॅट, ४५० व्होल्ट, ६० हर्ट्झ. सगळं प्रकरण या पाट्यांतच आहे. बहुतेक जहाजांवर ६० हर्ट्झची वीज असते, आपल्याकडं ५०. दहा पोलचा अल्टरनेटर ६० हर्ट्झसाठी मिनिटाला ७२० फेरे मागतो आणि ५० साठी ६००. बसवणाऱ्यानं वेग सांभाळणारा गव्हर्नर खाली उतरवून इंजिन ६०० वर आणलं. फेरे कमी केले आणि व्होल्टेज तेवढंच ठेवलं तर अल्टरनेटर तापतो, म्हणून व्होल्टेजही ३९० पर्यंत खाली घेतलं. त्या माणसाला विजेतलं कळत होतं. जहाजावर थंड करायला समुद्राचं पाणी असतं. इथं त्यानं मोठा रेडिएटर उभा केला, त्याला मोटरचा पंखा लावला आणि त्या मोटरची लाइन मेन ब्रेकरच्या अलीकडून घेतली. गिरणीचा भार गेला तरी इंजिनाचा पंखा चालू राहावा म्हणून. त्यातही चूक काही नाही.

त्या रात्री प्रेसच्या मोटरची केबल शॉर्ट झाली आणि मेन ब्रेकर उडाला. पुढचं जनरेटरवरच्या मामांच्या तोंडून: "ब्रेकर उडला की इंजिन दरवेळी वरडतं अन् खाली बसतं. ह्या टायमाला बसंनाच. काटा आठशेच्या जरा अलीकडं जाऊन हुभा राहिला. मी टाकीचा कॉक बंद केला, तरी चालूच. मग हँडल वढलं, तर हँडल हलंना." टाकी बंद केली तरी फिल्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये दोन-चार मिनिटं पुरेल एवढं डिझेल असतं, हे मामांना त्या रात्री कळलं. शेवटी बेडला पाय लावून, दोन्ही हातांनी, अंगाचं वजन टाकून त्यांनी स्टॉपचं हँडल ओढलं. ते सुटलं आणि इंजिन थांबलं. तोवर रेडिएटरच्या पंख्याचं एक पातं मुळापासून तुटून, आवरण फाडून, शेडच्या पत्र्याला हातभर चीर पाडून बाहेर सरकीच्या ढिगात जाऊन रुतलं होतं. मी गेलो तेव्हा ते तिथंच होतं. शेठ सोडून त्याला कुणी हात लावायला तयार नव्हतं.

आता 'सेफ्टी' म्हणजे नेमकं काय, ते थोडं सविस्तर सांगावं लागेल.

डिझेल इंजिनाचा वेग सांभाळतो गव्हर्नर. भार वाढला की तो रॅक, म्हणजे पंपातून किती डिझेल जावं हे ठरवणारी दांडी, पुढं ढकलून जास्त डिझेल देतो, भार गेला की मागं ओढतो. पण गव्हर्नरच बिघडला, किंवा रॅकच अडकला, तर? त्यासाठी जहाजावर दुसरी, वेगळी व्यवस्था असते, तिला आम्ही ओव्हरस्पीड ट्रिप म्हणतो. जहाजांचे वर्गीकरण करणाऱ्या संस्थांचा यावर सामायिक नियम आहे. २२० किलोवॅट आणि त्यावरच्या जनरेटर इंजिनाला गव्हर्नरपासून स्वतंत्र अशी ट्रिप हवी, आणि ती अशी लावलेली हवी की वेग ठरलेल्या फेऱ्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वर जाताच कामा नये. जहाज हाकणाऱ्या मुख्य इंजिनाला, क्लचनं सुटू शकत असेल किंवा जहाज ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याची पाती फिरवता येणारी असतील तर, ही मर्यादा २० टक्के. पावसाळ्यात अरबी समुद्रात रिकामं जहाज नाकावर आपटतं तेव्हा मागचा पंखा पाण्याबाहेर निघतो, भार एका दमात नाहीसा होतो आणि इंजिन किंचाळायला लागतं. ती किंचाळी एकदा ऐकलेला माणूस ट्रिपची चेष्टा करत नाही.

या इंजिनावरची ट्रिप जुन्या पद्धतीची, यांत्रिक. कॅमशाफ्टच्या टोकाला एक बोल्ट असतो, स्प्रिंगनं आत धरलेला. त्याचं वजन मुद्दाम एका बाजूला जास्त ठेवलेलं. शाफ्ट फिरतो तसा बोल्ट बाहेर निसटू बघतो, स्प्रिंग त्याला आत ओढते. हा बाहेर पळण्याचा जोर फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग १५ टक्के वाढला की जोर ३२ टक्के वाढतो. ठरलेल्या वेगाला बोल्ट स्प्रिंगवर मात करून काही मिलिमीटर बाहेर येतो, बाजूच्या खटक्यावर आदळतो, खटका सुटतो आणि एक जाड स्प्रिंग सगळ्या डिझेल पंपांचे रॅक हलवणारा सामायिक शाफ्ट शून्याकडं खेचते. वीज नाही, वायर नाही. जहाज अंधारात बुडालेलं असलं तरी ही चालते.

इंजिनाबरोबर अलंगहून कागदांची एक फाइल आली होती. ती शेठच्या कपाटात, चोपड्यांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यात जहाजावरच्या शेवटच्या तपासणीची नोंद सापडली: ट्रिप ८२० ला पडते. ७२० वर १५ टक्के म्हणजे ८२८, त्याच्या आत. नियमात बसणारी, उत्तम ट्रिप.

आणि मामांचा काटा होता 'आठशेच्या जरा अलीकडं'. त्यांच्या डायलला मी नंतर हातातला टॅकोमीटर, फेरे मोजायचं यंत्र, लावून पाहिला, डायल खरा बोलत होता. म्हणजे इंजिन ७९० ते ७९५ वर गेलं आणि तिथं थांबलं. ट्रिपच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं. ती ७२० च्या इंजिनासाठी लावलेली होती, आणि ७२० च्या इंजिनाला ७९५ म्हणजे थोडा ताप, फार तर कणकण. पण गिरणीसाठी ते इंजिन ६०० चं होतं. ७९५ म्हणजे ६६ हर्ट्झ. पंख्याची मोटर चौदाशे चाळीसच्या जागी अठराशे-एकोणीसशे मारत होती, आणि पात्याच्या मुळावरचा ताण पावणेदोनपट झाला होता. इंजिनाला ओरखडाही नाही. फुटला तो पंखा, जो जहाजावर कधी नव्हताच.

बसवणाऱ्यानं गव्हर्नर बदलला, व्होल्टेज बदललं, पण ट्रिप तशीच राहिली. मी त्याला फार दोष देत नाही. गव्हर्नरचा स्क्रू बाहेर दिसतो, व्होल्टेजचं बटण पॅनेलवर असतं. ट्रिपचा बोल्ट कॅमशाफ्टच्या टोकाला, झाकणाआड. ज्यानं तो कधी उघडून पाहिला नाही त्याला तो आठवणार कसा?

पण यात एक खोच राहिली होती. इंजिन ७९५ वर जाऊन थांबलं का? पूर्ण अडकलेला रॅक असता तर तीन सेकंदांत ते हजाराकडं निघालं असतं, आणि ट्रिप पडो न पडो, शेठचा फोन वेगळ्या बातमीचा असता.

मी इंजिनाचं झाकण काढलं आणि पंपांचा सामायिक शाफ्ट हातानं हळूहळू फिरवला. रॅकवर मिलिमीटरच्या खुणा असतात. अठरापासून खाली आणत गेलो. पंधरा, बारा, अकरा. दहाला हाताला काहीतरी लागलं. पावसात फुगलेलं दार चौकटीला घासतं तसं. जोर लावला तर सुटतं, नाही लावला तर तिथंच उभं. मोकळं इंजिन ६०० वर फिरवायला सात पुरे होत होते. दहाला ते कुठं जाऊन तोल धरेल? तर तिथंच, आठशेच्या अलीकडं, जिथं इंजिनाचं स्वतःचं घर्षण आणि पंख्याचा वाढलेला भार मिळून ते जास्तीचं डिझेल खाऊन टाकतात. गव्हर्नरनं भार जाताच रॅक अठराकडून खेचला होता, पण दहाच्या पुढं त्याची ताकद पुरली नाही.

अडकला होता तो तिसरा पंप, एकटाच. त्याच्या रॅकवर बोटभर जाडीचा करडा नमदा बसलेला. चिमटीनं थोडा सोलला आणि उजेडात धरला: रुईचे तंतू. इंजिनरूमची खिडकी रेच्यांच्या हॉलकडं उघडत होती. हवेत उडणारी रुई आत येई, तिसऱ्या पंपाच्या ढिल्या नटातून पाझरणाऱ्या डिझेलवर बसे, वर गरमी, आणि तीन महिन्यांत त्याचं जाजम झालेलं. माझ्या जहाजावरच्या वर्षांत मी रॅक गंजलेले पाहिले, रंग फासून बंद पडलेले पाहिले. कापसानं बांधलेला रॅक मात्र पहिल्यांदाच पाहिला.

तरीही एक पंप अडकला म्हणून सहाही अडकायला नको होते. असल्या इंजिनात प्रत्येक पंप सामायिक शाफ्टला स्प्रिंगच्या दांडीनं जोडलेला असतो. एक पंप रुसला तर त्याची स्प्रिंग दबते आणि बाकीचे पाच निमूट शून्यावर जातात. एकट्याच्या डिझेलवर इंजिन फिरू शकत नाही. पाच पंपांना स्प्रिंगच्या दांड्या होत्या. तिसऱ्याला सळई. स्वच्छ कापलेली, दोन्ही टोकांना नीट वेल्डिंग केलेली, वर रंगही दिलेला.

ती सळई बसवणारे उस्ताद शेजारीच उभे होते. "स्प्रिंग टूट गयी थी साहब. अलंगसे आती कब, सीजन चालू था. मैने पक्का बना दिया." आणि खरंच पक्कं केलं होतं. आमच्या भागात हे कौशल्य आहे आणि त्यावर अर्धा मराठवाडा चालतो, म्हणून मी त्यांना रागावू शकलो नाही. पण जी गोष्ट मुद्दाम लवचीक ठेवलेली असते ती पक्की केली की काय होतं, ते सरकीच्या ढिगात रुतलेलं होतं.

नमदा काढण्याआधी मी आणखी एक गोष्ट करून पाहिली. इंजिन बंदच, रॅक दहावर अडकलेला ठेवून ट्रिपचा खटका हातानं सोडला. जाड स्प्रिंग खाडकन सुटली, शाफ्ट हलला आणि आठवर येऊन थांबला. आठ. सातला इंजिन फिरतं. म्हणजे ट्रिप ६९० ला लावलेली असती आणि वेळेवर पडली असती, तरी त्या रात्री इंजिन थांबलं नसतं.

शेठला हे पटायला वेळ लागला. "म्हणजे सेफ्टी असून नसल्यासारखीच होती?" ट्रिपचे डोळे वेगळे होते, हात मात्र गव्हर्नरचेच. दोघंही एकाच शाफ्टला ओढत होते, आणि तो शाफ्टच सळईनं बांधलेला. मोठ्या दोन-स्ट्रोक मुख्य इंजिनांवर म्हणूनच वेगळी युक्ती असते: ट्रिप पडली की हवेच्या जोरावर प्रत्येक फ्युएल पंपावरची एक झडप उघडते आणि पंपात दाबच धरत नाही. रॅक कुठंही असो, नोझलपर्यंत डिझेल पोचत नाही.

तिसऱ्या दिवशी नवी स्प्रिंग-दांडी, सहाही रॅक साफ, गिरणीचा भार तोडलेला, पंख्याच्या जागी बाहेरून वीज घेतलेला तात्पुरता पंखा. इतकं झाल्यावर ट्रिपची चाचणी घेतली. मी हातानं वेग वाढवायचा, एक पोरगं टॅकोमीटर धरून आकडे ओरडणार, मामा स्टॉपच्या हँडलपाशी. मी आधीच सांगून ठेवलं होतं की ८२८ ला पडली नाही तर मामांनी विचारायला थांबायचं नाही. आठशे, आठशे दहा, आठशे वीस. काही नाही. आठशे अठ्ठावीस झाले आणि मामांनी हँडल ओढलं.

म्हणजे जहाजाच्या कागदावरचे ८२० सुद्धा आता खरे नव्हते. झाकण उघडलं. बोल्ट आणि त्याच्या भोकाच्या मध्ये तेल वाळून त्याचा डिंक झालेला. घासलं, धुतलं, तेल दिलं, पुन्हा चालवलं: ८१३. पुन्हा: ८१५. "बघा, चालू झाली," शेठ खूश. पण मी वहीत पहिली ओळ लिहिली ती 'पडली नाही' हीच. चिकटलेला बोल्ट एकदा हलला की पुढची प्रत्येक चाचणी गोड येते. प्रत्यक्षात इंजिन पळतं तेव्हा ते पहिलीच वेळ मागतं. जहाजावर आमचा चीफ इंजिनिअर दुसरी-तिसरी चाचणी नोंदवणाऱ्याला वही परत करायचा.

पुढचं काम सरळ होतं. ६०० वर १५ टक्के म्हणजे ६९०. यांत्रिक ट्रिप ६८५ ला लावायची ठरली. त्यासाठी बोल्टची स्प्रिंग ८२० च्या मानानं सत्तर टक्के ताकदीची हवी होती. ती नुसती ढिली करून भागेना, म्हणून नवी पातळ स्प्रिंग बनवून घेतली. शिवाय दुसरे डोळे आणि दुसरे हातही दिले. फ्लायव्हीलला १२० दाते होते. त्यांच्यासमोर एक चुंबकी पिकअप बसवला. दर दात्याला एक ठोका, ६०० फेऱ्यांना सेकंदाला १२०० ठोके. १३४० झाले, म्हणजे ६७० फेरे, की रिले एक झडप उघडतो आणि इंजिन सुरू करायच्या हवेच्या बाटलीतली हवा, दाब उतरवून, सहा छोट्या सिलिंडरांत जाते. प्रत्येक सिलिंडर आपापल्या पंपाचा रॅक थेट ढकलतो, सामायिक शाफ्टला विचारत नाही. मग पूर्ण भार टाकून ब्रेकर मुद्दाम उडवला. इंजिन ६४१ पर्यंत गेलं, खाली बसलं, दोन्ही ट्रिपा गप्प. गप्प राहणं हेही त्यांचं कामच. भार गेला की दरवेळी पडणारी ट्रिप आठ दिवसांत कुणीतरी तारेनं बांधून टाकतो.

खिडकी बंद करून हवेची वाट उलट बाजूनं काढली, जाळी लावली. पंख्याची लाइन जास्त फ्रिक्वेन्सीला तुटेल अशी केली.

एक गोष्ट राहिली. इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोचार्जरचं सील गेलं आणि त्यातून इंजिनाचंच तेल हवेच्या वाटेनं आत जाऊ लागलं, तर इंजिन त्या तेलावर पळतं. मग रॅक शून्यावर असून उपयोग नाही, हवाच तोडावी लागते. त्यासाठी हवेच्या तोंडाला झडप बसवा म्हणून मी दोनदा लिहून दिलं. शेठनं बसवली नाही. "पुढच्या हंगामात बघू," म्हणाले. टर्बोचं सील मात्र त्यांनी बदलून घेतलं.

आता जिनिंग चालू व्हायच्या आधी, खंडेनवमीला, मामा इंजिनाला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायच्या आधी इलेक्ट्रॉनिक ट्रिप बाजूला ठेवून यांत्रिक ट्रिपची चाचणी घेतात. मग मला फोन येतो.

"साहेब, पडली."

"पहिली किती?"

"सहाशे त्र्याऐंशी."

"अन् दुसरी?"

"दुसरी घेतलीच नाही की."